जेथें पृथ्वी 'अचला' नाहीं
(उत्तर कॅनडांतील कांहीं प्रेक्षणीय स्थळें)

अमरकोश पाठ केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास पृथ्वीचीं नांवें ओळीनें येतात. त्यांत 'अचला' आणि 'स्थिरा' हीं दोन नांवें आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्यांच्या पायाखालीं, त्यांना तीं यथार्थच वाटावयाचीं. परंतु याच पृथ्वीच्या पाठीवर असेहि प्रदेश आहेत कीं, जेथें जमीन फुगून वर येते, उभी चिरते, खचते आणि प्रसंगीं चिखलाचा लोट होऊन वाहूं लागते. कॅनडा देशाच्या वायव्य टोंकास युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज या नांवांचे दोन विस्तीर्ण मुलूख आहेत. तेथें हा चमत्कार डोळ्यांनीं पाहावयास मिळतो.

हल्लीं आपल्या मंडळींपैकीं पुष्कळांचीं मुलें टोरोंटो, कॅलगरी, व्हँकूव्हर इत्यादि शहरीं स्थायिक झालीं आहेत, आणि घरांतील वडील माणसें चार-सहा महिने तिकडे राहून येतात. परत आल्यावर बहुधा नायगाऱ्याचें आणि तेथील दुकानांचें वर्णन ऐकावयास मिळतें. नायगारा अवश्य पाहावा. परंतु अंगांत थोडी शक्ति व गांठीं थोडा अवकाश असेल, तर उत्तरेचा एक रस्ताहि पाहावा असें सुचविण्यासाठीं हा लेख आहे. आम्ही उभयतां आमच्या पुतण्यासमवेत त्या रस्त्यानें जाऊन आलों, आणि पाहिलेलें नीट कळावें म्हणून मागाहून कांहीं वाचलें. त्या दोहोंचें सार येथें देत आहों.

या रस्त्यास डेम्पस्टर महामार्ग म्हणतात. १८९६ सालीं क्लाँडाइक नदीच्या खोऱ्यांत सोनें सापडलें आणि डॉसन नांवाचें शहर एकाएकीं उभें राहिलें. त्या शहराच्या पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरांवर हा रस्ता फुटतो आणि उत्तरेकडे सुमारें ७४० किलोमीटर जाऊन इनुव्हिक या गांवीं पोहोंचतो. तो १९७९ सालीं पुरा झाला. इनुव्हिकपासून पुढें उत्तरमहासागराच्या कांठीं असलेल्या टुक्टोयाक्टुकपर्यंतचा १३८ किलोमीटरांचा भाग नोव्हेंबर २०१७ मध्यें खुला झाला. महामार्ग हें नांव ऐकून वाचकांनीं मुंबई-पुणें रस्त्याची कल्पना करूं नये. हा जवळजवळ सर्व खडीचा कच्चा रस्ता आहे, आणि ती खडी मुद्दाम जाड थरानें भूमीच्या वर घातलेली आहे.

त्याचें कारण समजलें म्हणजे पुढील सर्व स्थळांची किल्लीच हातीं येते. या प्रदेशांतील भूमि वर्षानुवर्षें गोठलेलीच असते. उन्हाळ्यांत वरचा हात-दोन हात थर तेवढा सुटतो. त्याखालीं माती, वाळू आणि बर्फ यांचा एकजीव झालेला दगड. समुद्रकांठीं कांहीं ठिकाणीं हा गोठलेला थर ५०० मीटरांहून अधिक खोल आहे. वरचें शेवाळ व माती खरवडून रस्ता केला, तर उन्हाची ऊब आंत शिरते, बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. पूर्वीं आपल्याकडे बर्फवाला लादी भुशांत व गोणपाटांत गुंडाळून ठेवीत असे, तद्वत् येथें खडीचें पांघरूण घालून भूमीचा गारठा जपावा लागतो. भूमि थंड आहे तोंवरच ती 'स्थिरा' आहे.

रस्त्यास लागल्यावर सत्तर-एक किलोमीटरांवर टोम्बस्टोन नांवाचें राखीव उद्यान लागतें. त्याचें क्षेत्र सुमारें २२०० चौरस किलोमीटर आहे. काळ्या, अणकुचीदार सुळक्यांची रांग आकाशांत घुसलेली दिसते. त्यांतील मुख्य शिखर थडग्याच्या उभ्या दगडासारखें दिसतें म्हणून गोऱ्या लोकांनीं त्यास तें नांव दिलें. ट्रॉन्डेक ह्वेचिन या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंत मात्र या मुलखाच्या नांवाचा अर्थ 'दांतेरी डोंगरांची भूमि' असा आहे. आम्हांस हें दुसरें नांव अधिक समर्पक वाटलें. ऑगस्टच्या अखेरीस येथील खुरटीं झुडपें लाल, नारिंगी व पिवळीं होतात, आणि काळ्या सुळक्यांच्या पायथ्याशीं पैठणी पसरावी तसा देखावा दिसतो. ही उपमा आमच्या सौभाग्यवतींची आहे.

या डोंगरांतूनच थोडें पुढें नॉर्थ फोर्क नांवाची खिंड लागते. पाहणाऱ्यास तेथें विशेष कांहीं दिसत नाहीं, म्हणून बहुतेक प्रवासी न थांबतां जातात. परंतु भूगोल शिकविलेल्या मनुष्याचें पाऊल तेथून निघत नाहीं. आपल्याकडे महाबळेश्वरास कृष्णा पूर्वेस वळते व सावित्री पश्चिमेस उतरते, तशीच ही जागा आहे. खिंडीच्या दक्षिणेस पडलेला थेंब क्लाँडाइक व युकॉन या नद्यांतून बेरिंग समुद्रास मिळतो, आणि उत्तरेस पडलेला थेंब ब्लॅकस्टोन, पील व मॅकेन्झी अशा तीन नद्यांचा प्रवास करून उत्तरमहासागरास पोहोंचतो. दोहोंमध्यें अंतर एका पावलाचें.

पुढें ओगिल्व्ही पर्वत लागतात. मागील हिमयुगांत कॅनडाचा बहुतेक भाग हिमनद्यांखालीं दडपला होता. परंतु युकॉनचा हा भाग कोरडा असल्यामुळें त्यांतून वांचला. हिमनदीनें घासलेले डोंगर गोलसर होतात व दऱ्या रुंद होतात. येथील डोंगर ऊन-पावसानें व गोठण्या-वितळण्यानें झिजले, म्हणून त्यांच्या उतारांवर खडीचे ढीग आणि माथ्यावर पडक्या बुरुजांसारखे खडक उभे आहेत. हिमयुगांत मोठमोठ्या केसाळ हत्तींचे कळप याच गवताळ प्रदेशांत चरत होते. येथेंच इंजिनिअर क्रीक नांवाचा ओढा आहे. त्याचे दगड लोहाच्या गंजानें तांबडेलाल झालेले आहेत, आणि जवळ गेलें असतां गंधकाचा वास येतो.

डोंगर ओलांडून ईगल प्लेन्स या ठिकाणीं ३६९ किलोमीटर पुरे होतात. रस्ता सुरू झाल्यापासून पेट्रोल व जेवण मिळण्याचें हें पहिलें ठिकाण होय. तेथून ३६ किलोमीटरांवर उत्तरध्रुववृत्त लागतें. तेथें एक फलक आहे. सर्व प्रवासी त्याजवळ उभे राहून छायाचित्र काढतात, तसें आम्हींहि काढविलें. या वृत्ताच्या पलीकडे उन्हाळ्यांत एक दिवस तरी सूर्य मावळत नाहीं व हिवाळ्यांत एक दिवस तरी उगवत नाहीं. इनुव्हिक येथें तर मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सुमारें ५६ दिवस सूर्यास्त नाहीं, आणि डिसेंबर-जानेवारींत सुमारें महिनाभर सूर्योदय नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकास येथें लोकमान्य टिळकांचें स्मरण झाल्याखेरीज राहणार नाहीं. वेदांतील दीर्घ उषेचीं वर्णनें ध्रुवाजवळच्या प्रदेशासच लागूं पडतात, यावरून आर्यांचें मूळ वसतिस्थान तेथें असावें, असा सिद्धांत त्यांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत मांडला. आजचे विद्वान् तो मान्य करीत नाहींत, व आम्हांसहि तो पुन्हां उभा करावयाचा नाहीं. परंतु मानवांचें एक वर्ष म्हणजे देवांचें एक अहोरात्र, हें मनुस्मृतींतील गणित वर्गांत शिकवितांना जें केवळ शब्दांत राहत होतें, तें येथें डोळ्यांसमोर आलें. रात्रीं बारा वाजतां सूर्य क्षितिजावरून तिरपा सरकत पुढें गेला. खालीं उतरलाच नाहीं. सायंसंध्या केव्हां करावी असा आम्हांस पेंच पडला, तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, घड्याळ पाहा आणि करून मोकळे व्हा." दुसरा उपाय नव्हता. उषेच्या शोधांत जाणाऱ्यांनीं मात्र लक्षांत ठेवावें कीं, भर उन्हाळ्यांत तेथें उषा भेटतच नाहीं. जेथें सूर्य मावळत नाहीं तेथें ती यावयाची कोठून? ऑगस्टांत गेल्यास सांजेचा तांबडेपणा तसाच उत्तरेकडून फिरत फिरत पहांटेस मिळतांना दिसतो.

यापुढें रिचर्डसन पर्वत व त्यांचे उघडे, गवताळ उतार. झाड दृष्टीस पडत नाहीं. पॉर्क्युपाइन नांवाचा कॅरिबू हरणांचा प्रचंड कळप वर्षाच्या कांहीं काळांत याच डोंगरांतून जातो. २०१७ च्या गणनेंत तो सुमारें २ लाख १८ हजारांचा भरला होता. आम्हांस तीं हरणें भेटलीं नाहींत, त्यांच्या वाटा मात्र उतारांवर स्पष्ट दिसल्या. हा मुलूख पाहून 'निर्जन' हाच शब्द ओठांवर येतो. परंतु तो किती फसवा आहे, तें या रस्त्याच्या नांवांतच लिहिलेलें आहे.

रस्ता होण्यापूर्वीं हिवाळ्यांत डॉसन व फोर्ट मॅकफर्सन या ठाण्यांमध्यें पोलिसांची टपाल-टोळी कुत्र्यांच्या घसरगाड्यांनीं जात-येत असे. २१ डिसेंबर १९१० रोजीं इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड व त्यांचे तीन सोबती फोर्ट मॅकफर्सनहून निघाले. लवकर पोहोंचावें म्हणून शिधा बेताचाच घेतला होता. वाटेंत इसॉ जॉर्ज नांवाचा एक ग्विचिन मनुष्य कांहीं दिवस वाट दाखविण्यास सोबत होता. परंतु आतां आपली वाट आपल्यास सांपडेल, अशा समजुतीनें त्यास परत पाठविलें. पुढें जो ओढा धरून वर चढावयाचें, तोच त्यांना ओळखतां येईना. अनेक दिवस शोध करून ते मागें फिरले, शिधा संपल्यावर आपलींच कुत्रीं मारून खाल्लीं, आणि चौघेहि ठाण्यापासून थोड्या दिवसांच्या वाटेवर मरण पावले. मार्च १९११ मध्यें डेम्पस्टर नांवाच्या पोलिसानें त्यांचीं प्रेतें शोधून काढलीं. त्याचेंच नांव या रस्त्यास आहे. चौघांच्या समाधि फोर्ट मॅकफर्सन येथें आहेत.

ज्या ठिकाणीं हे शूर पुरुष वाट चुकून मेले, त्याच ठिकाणीं ग्विचिन लोक बायकापोरांसह शिकारीस जात-येत होते. त्यांच्या दृष्टीनें तें रान नव्हतें. तें घर होतें. प्रत्येक ओढ्यास नांव होतें. ज्यास आपण निर्जन म्हणतों, तें पुष्कळदां केवळ आपणांस अपरिचित असतें.

पर्वत उतरल्यावर पील व मॅकेन्झी या दोन नद्या लागतात. त्यांवर पूल नाहींत. उन्हाळ्यांत तरीवरून मोटार नेतात आणि हिवाळ्यांत गोठलेल्या पात्रावरूनच रस्ता करतात. नदी गोठूं लागते व फुटूं लागते त्या मधल्या दोन काळांत मार्ग अजिबात बंद. मॅकेन्झी ही कॅनडांतील सर्वांत लांब नदी. १७८९ सालीं अलेक्झांडर मॅकेन्झी तिच्या प्रवाहानें समुद्रापर्यंत गेला, म्हणून नकाशांत त्याचें नांव. इनुव्हियालुइट लोक तिला 'कूकपाक' म्हणतात. त्याचा अर्थ महानदी. आपल्या देशांतहि एक महानदी आहे. मोठ्या पाण्यापुढें मनुष्यास सर्वत्र तोच शब्द सुचतो, हें पाहून आम्हांस संतोष झाला.

समुद्रास मिळण्यापूर्वीं या नदीच्या असंख्य शाखा होतात, आणि मधल्या सपाटींत हजारों तळीं आहेत. याच त्रिभुज प्रदेशांत आक्लाविक नांवाचें जुनें गांव आहे. पूर व ढासळती जमीन यांमुळें तें टिकणार नाहीं, असें ठरवून सरकारनें १९५० नंतरच्या दशकांत पूर्वेच्या उंच कांठावर इनुव्हिक हें नवें गांव वसविलें. इनुव्हिकांतील इमारती खांबांवर उभ्या आहेत व पाण्याचे नळ जमिनीच्या वरून नेलेले आहेत, कां कीं घराची ऊब खालीं गेली तर घरच खचावयाचें. आक्लाविकचे पुष्कळ लोक मात्र नव्या गांवीं गेलेच नाहींत. गांव आजहि आहे. धरणासाठीं वा कोयनेच्या जलाशयासाठीं ज्यांनीं आपलें गांव सोडलें, त्यांच्या घरांतील माणसांस हा हट्ट समजावून सांगण्याची गरज नाहीं.

इनुव्हिकच्या उत्तरेस झाडें संपतात आणि प्रवासांतील मुख्य आश्चर्य समोर येतें. टुक्टोयाक्टुकच्या आसपास सपाट, पाणथळ भूमींत मध्येंच शंकूसारख्या टेकड्या उभ्या दिसतात. त्यांना तेथील भाषेंत 'पिंगो' म्हणतात. १९३८ सालीं पोर्सिल्ड नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें हा शब्द शास्त्रांत आणला. या द्वीपकल्पावर सुमारें १३५० पिंगो आहेत. त्यांपैकीं आठ एका राखीव क्षेत्रांत असून 'इब्युक' हा कॅनडांतील सर्वांत उंच पिंगो सुमारें ४९ मीटर, म्हणजे १६० फूट, उंच आहे.

हे डोंगर वर कसे आले? खोल तळ्याच्या तळाची माती हिवाळ्यांतहि गोठत नाहीं. वरचें पाणी तिचें रक्षण करतें. कांठ फुटून तळें रिकामें झालें म्हणजे ती उघडी पडते, आणि गारठा वरून, खालून व बाजूंनीं तीस वेढूं लागतो. मातींतील पाण्यास जागा उरत नाहीं. तें मध्यभागीं कोंडतें, तेथें गोठतें, आणि वरच्या भूमीस उचलूं लागतें. अशा रीतीनें पोटांत शुद्ध बर्फाचा गाभा असलेली टेकडी उभी राहते. जे. रॉस मॅके नांवाच्या शास्त्रज्ञानें यांचें दशकानुदशकें मापन केलें. १९७८ मध्यें तर एक तळें मुद्दाम रिकामें करून ही क्रिया आरंभापासून पाहिली. इब्युकचें वय हजार वर्षांहून अधिक असावें असा अंदाज आहे, आणि तो अजून वर्षास सुमारें दोन सेंटिमीटर वाढतो. पुढें केव्हां तरी माथा चिरतो, ऊन बर्फास लागतें, मध्यभाग खचतो आणि टेकडीच्या जागीं पुन्हां तळें होतें. जन्म, वृद्धि, क्षय हे शब्द आपण प्राण्यांविषयीं वापरतों. येथें ते डोंगरास लावावे लागतात.

हें पाहून आम्ही नुसते थक्क झालों असतों, तर लेख येथेंच संपला असता. परंतु टुक्टोयाक्टुकच्या समुद्रकांठीं गेल्यावर निराळी गोष्ट दिसली. पिंगोंचा क्षय हा निसर्गाच्या जुन्या क्रमांतला आहे. कांठाचा क्षय तसा नाहीं. उत्तरेकडील हवा जगाच्या सरासरीपेक्षां कितीतरी अधिक वेगानें तापत आहे. समुद्रावरील बर्फ पूर्वींपेक्षां अधिक काळ दूर राहतो, त्यामुळें लाटांना कांठ मोकळा सांपडतो, आणि कांठ तरी कशाचा? बर्फानें बांधलेल्या मातीचा. तो वितळून ढासळतो. गांवाच्या टोंकावरील कांहीं घरें उचलून आंत नेलीं आहेत. पील नदीच्या पठारावर तर उतारचे उतार वितळून चिखल होऊन वाहत आहेत. त्यांतील मोठीं खिंडारें वीस हेक्टरांहून विस्तृत आहेत.

आम्हांस नांवेंतून पिंगो दाखविणारे वृद्ध गृहस्थ किनाऱ्याशीं आल्यावर पाण्याकडे बोट करून म्हणाले, "लहानपणीं आम्ही तेथें खेळत होतों." बोट दाखवीत होतें त्या जागीं लाटा होत्या. त्यांनीं तक्रार केली नाहीं, कोणास दोषहि दिला नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "मग आतां तुम्ही कोठें जाणार?" पुतण्यानें त्याचें भाषांतर केलें. ते हंसले व म्हणाले, "थोडें मागें." गांवाचें नांव कॅरिबूसारख्या दिसणाऱ्या पाण्यांतील दगडांवरून पडलें आहे, असें तेथें सांगतात. नांव जुनें, दगड जुने, माणसें जुनीं. जमीन मात्र पायाखालून चालली आहे.

म्हणून जे जाऊं शकतील त्यांनीं हा प्रदेश पाहावा, आणि यात्रेच्या नियमांनीं पाहावा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या आरंभापर्यंतचा काळ योग्य. जून-जुलैमध्यें डांसांचा उपद्रव विलक्षण असतो. जाळीची टोपी व पुऱ्या बाह्यांचे कपडे घ्यावे. मोटारीस एक सोडून दोन जादा चाकें असावींत, कारण खडी धारदार आहे. चार दिवसांचें कोरडें खाणें बरोबर असावें. आमच्या घरचें मेतकूट, चिवडा व दशम्या फार उपयोगीं पडल्या. हृदयविकार वा तत्सम व्यथा असणाऱ्यांनीं वैद्याचा सल्ला घेतल्याविना निघूं नये, कारण वाटेंत इस्पितळ शेंकडों किलोमीटर नाहीं. पिंगोवर चढण्याचा मोह धरूं नये. वरचें शेवाळ तुडविलें कीं आंतील बर्फास ऊन लागतें. आणि शक्य असेल तेथें वाटाड्या त्याच गांवचा घ्यावा. फिट्झजेराल्डच्या टोळीची गोष्ट त्यासाठींच वर दिली आहे.

नातवंडें बरोबर असल्यास फारच उत्तम. आपल्या वयाच्या माणसांस हा प्रदेश एकदां पाहावयास मिळेल, आणि पाहिला तसाच स्मरणांत राहील. मुलें मात्र पन्नास वर्षांनीं पुन्हां तेथें जाऊं शकतील. आज त्यांनीं इब्युकची उंची, कांठाची जागा आणि शेवटच्या घराचें दार वहींत नीट टिपून ठेवावें. पुढें ताडून पाहण्यास तें उपयोगीं पडेल.